पानावरून पडद्यावर : वाचकांचे प्रश्न

ठरलेल्या दिवशी मरायचं असा कायदा, आणि तो निमूट पाळणारी माणसं. अशा कल्पित जगाच्या कादंबरीवर मराठी सिनेमा करायचा तर काय काय लागतं, हे विचारणारी पत्रं या वेळी बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळली, गावं ठेवली.

हुक्केरी : एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद वाचला. अनुवादकांनी सिनेमासाठी लेखी परवानगी दिली आहे. पटकथा लिहायला घेऊ का?

थांबा. अनुवादकाचा हक्क त्यांच्या मराठी मजकुरापुरता. गोष्टीवर सिनेमा करू द्यायचा की नाही, हे मूळ लेखक ठरवणार, किंवा त्यानं तो हक्क ज्याला दिला असेल तो. पुस्तकाच्या सुरुवातीला आवृत्ती, मुद्रक वगैरे छापलेलं पान असतं, तिथं मूळ प्रकाशकाचं नाव सापडेल. त्यांच्या हक्कविभागाला एक पानाचं पत्र पाठवा: सिनेमा कोणत्या भाषेत, किती मिनिटांचा, कुठं दाखवणार, अंदाजे खर्च किती. पहिल्याच पत्रात सगळे हक्क विकत मागायला जाऊ नका. थोडी रक्कम देऊन वर्ष-दीड वर्षासाठी हक्क राखून ठेवता येतात, धंद्यात त्याला 'ऑप्शन' म्हणतात. तेवढ्या वेळात पटकथा होते आणि पैसे उभे राहणार की नाही तेही कळून चुकतं.

करार कागदावरच करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम वाचून ठेवा. करारात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो परत जातो. नवख्यांना ही शेवटची अट हमखास नडते, कारण पैसे जमवण्यातच वर्ष निघून जातं.

लेखक वारून ६० वर्षं उलटली असतील तर आपल्याकडे परवानगीचा प्रश्न उरत नाही. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. 'वयाची मर्यादा घालून माणसं संपवणारं सरकार' ही नुसती कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. पात्रं, घटनांची साखळी, संवाद हे मालकीचं. अनुवादकांचं पत्र मात्र जपून ठेवा. त्यांची वाक्यं संवादात जशीच्या तशी घ्यायची झाली तर ते लागेल.

निपाणी : कादंबरी ३१० पानांची, सगळी 'मी'च्या तोंडून. एका आठवणीतून दुसरी निघते. हे सगळं निवेदनात सांगायचं का?

निवेदनाचं नंतर बघू, आधी चिठ्ठ्या करा. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक घटनेची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीनच ओळी: कुठं, कुणाला काय हवंय, शेवटी काय बदललं. मनातले विचार चिठ्ठीवर येऊ द्यायचे नाहीत. एवढ्या पुस्तकाच्या दीडशेच्या वर चिठ्ठ्या होतात. ११० मिनिटांच्या सिनेमाला ७० ते ९० प्रसंग पुरतात, म्हणजे निम्म्या गेल्या. सगळ्यात आधी कोणत्या टाकायच्या? जिथं दोन माणसं एकमेकांना ठाऊक असलेला नियम एकमेकांनाच समजावून सांगतात त्या. उरलेल्या जमिनीवर दोनदा मांडा, एकदा पुस्तकाच्या क्रमानं, एकदा घडल्याच्या क्रमानं. दोन्ही मांडण्यांत जिथं तफावत पडते तिथंच लेखकानं काहीतरी लपवलेलं असतं.

काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही २००५ची कादंबरी आणि तिच्यावरचा २०१०चा सिनेमा शेजारी ठेवून बघा. अवयव देण्यासाठीच वाढवलेल्या मुलांची ती गोष्ट. पुस्तकात एकतीस वर्षांची निवेदिका आठवणींत मागंपुढं करते, स्वतःलाच दुरुस्त करते. ॲलेक्स गारलंड यांच्या पटकथेनं हे मागंपुढं जवळजवळ काढून टाकलं आणि १९७८, १९८५, १९९४ असे तीन टप्पे केले. सुरुवातीलाच पाटी येते: १९५२मध्ये वैद्यकशास्त्राला मोठा शोध लागला, १९६७पर्यंत सरासरी आयुष्य शंभरीपलीकडं गेलं. जगाची ओळख तिथंच संपली, पुढं कुणाला भाषण द्यावं लागत नाही. प्रेक्षक वाट चुकत नाही हा फायदा. 'मला नीट आठवत नाही' म्हणणाऱ्या बाईबद्दल वाचताना जी शंका येत राहते, ती सिनेमात पातळ होते हा तोटा. कात्री लावायच्या आधी आपण नेमकं काय गमावतोय ते लिहून ठेवावं.

निवेदनाची कसोटी साधी आहे. त्या प्रसंगात निवेदनाचा आवाज बंद करून बघा. तेवढंच कळलं तर निवेदन काढा. बाई जे सांगते त्यापेक्षा चित्र वेगळं काही दाखवत असेल तरच ठेवा. सिनेमाभर ८-१० जागा, एकेक २० सेकंदांच्या आत. मराठीत २० सेकंदांत चाळीस-पंचेचाळीस शब्द बसतात. कागदावर पाच ओळी दिसल्या की समजा जास्त झालं. अभिनेत्रीला बोलावण्याआधी स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून कच्च्या संकलनावर लावून बघा. बऱ्याच जागा तिथंच गळतात.

शहापूर, बेळगाव : पटकथेचं वाचन झालं की दर वेळी एकच प्रश्न येतो, ही माणसं पळून का जात नाहीत? कुंपण दाखवू का? की पळून जाणारं एक पात्र घालू?

दोन्ही नको. कुंपण दिसलं की ते ओलांडायचं कसं, इकडं प्रेक्षकाचं डोकं चालू लागतं आणि सिनेमा जेल फोडण्याचा होतो. पळणं हाच कथेचा कणा असेल तर गोष्ट वेगळी. 'लोगन्स रन'मध्ये, १९६७च्या कादंबरीत काय नि १९७६च्या सिनेमात काय, ते शोभतं. तुमच्या कादंबरीत कुणी पळतच नाही, आणि तीच तिच्यातली भीती आहे. वर सांगितलेल्या २०१०च्या सिनेमात मुलांच्या मनगटावर पट्टी आहे, आत-बाहेर करताना ती यंत्रापुढं धरायची. पुस्तकात असं काही नाही. प्रेक्षकाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं खरं, पण आमच्या मते ते उत्तर पुस्तकापेक्षा स्वस्त आहे. पट्टी कापली की सुटका होईल असं वाटायला लागतं.

प्रश्नाचं उत्तर पहिल्या २५ मिनिटांत, न सांगता द्यायचं असतं. 'मला हे मान्य आहे' असं कुणीच म्हणत नाही. मान्य असणं ही सवय आहे आणि सवय हातांत दिसते. सरकार शेवटच्या वर्षात माणसाकडून कोणती कामं करून घेतं त्याची यादी करा: दर महिन्याला वजन, लाइट बिलावरचं नाव बदलणं, रेशन कार्डातून नाव कमी करायचा अर्ज, दागिन्यांची वाटणी, ज्याला किल्ल्या द्यायच्या त्याची सही. एकही काम क्रूर वाटता कामा नये. खिडकीपलीकडचा कारकून खेकसला की तुमचा सिनेमा बिघडला. त्यानं "उन्हातनं आलाय, पाणी घ्या आधी" म्हणायचं आणि खरंच तांब्या पुढं करायचा.

शिवाय कायद्यानं आपल्याला आवडणाऱ्या माणसांना काहीतरी दिलेलं असू द्या. नळाला रोज पाणी, नातवाला दवाखान्यात लगेच खाट. हे दिसलं की 'पळत का नाहीत' विचारणारे अर्धे गप्प होतात.

एक प्रसंग बारकाईनं बघू. ठरलेल्या मरणाच्या आदल्या दिवशीची सकाळ. दारात दूधवाला. बाई पातेलं पुढं करते आणि म्हणते, "उद्यापासनं अर्धा लिटरच घाल रे." तो "बरं मावशी" म्हणतो, वहीत टिंब मारतो, किटलीचं झाकण लावून निघतो. ती पातेलं घेऊन आत जाते आणि दूध गॅसवर ठेवते. संपलं. ४० सेकंद, तीन शॉट: माप आणि पातेलं, वही, पाठमोरी बाई. दूधवाल्यानं क्षणभरसुद्धा थबकायचं नाही. तो थबकला की दिग्दर्शकाचा हात दिसला. हमखास होणाऱ्या चुका दोन: खाली बासरी लावणं आणि दाराआड सुनेला डोळे पुसायला उभं करणं.

विरोध हवाच असेल तर एकच ठेवा, तोही घासाघीशीचा. साठाव्या मिनिटाच्या आसपास एक म्हातारा कचेरीत जाऊन म्हणतो, आंबे संपेपर्यंत थांबा की. साहेब रजिस्टर बघतो आणि पंधरा दिवस वाढवून देतो. म्हातारा हात जोडून आभार मानतो. पाठलागाच्या दहा मिनिटांपेक्षा हे अंगावर येतं, कारण त्या पंधरा दिवसांनी कायदा आणखी घट्ट झालेला असतो.

चिकोडी : 'मृत्यू' हा शब्द त्या जगात वापरत नाहीत. मराठीत काय घ्यावं? आणि पात्रांनी बेळगावी बोलावं की पुणेरी?

'निरोप' आणि 'विसर्जन' दोन्ही टाळा. पहिला कवितेतला, दुसरा ऐकला की गणपती डोळ्यांपुढं येतो. 'पूर्तता' कचेरीत शोभतो, चुलीपुढं अडतो. शब्द निवडताना तो तीन वाक्यांत घालून बघायचा: स्वयंपाकघरात, फोनवर, भांडणात. आमचा कौल 'रजा'ला. "आईची रजा परवा आहे", "रजेचा कागद आला काय?", "तुझी रजा जवळ आली म्हणून काय वाटेल ते बोलशील?" तिन्ही ठिकाणी बसतो. आपल्या भागात आणखी एक सोय, कन्नडमध्येही सुट्टीला रजेच म्हणतात. घरात दोन्ही भाषा चालतात तिथं शब्द बदलावा लागत नाही.

बोलीचं म्हणाल तर घरात बेळगावीच ठेवा. "काय करायलास?", "बस की जरा", कुठं एखादा कन्नड शब्द. फक्त ती हशा पिकवायला वापरू नका. बेळगावी बोलणारा म्हणजे विनोदी पात्र अशी सवय प्रेक्षकाला लागलेली आहे, ती पहिल्या पाच मिनिटांत मोडावी लागते. गंभीर माणसाला सगळ्यात आधी बोलू द्या. छापील मराठी फक्त कागदांवर आणि लाउडस्पीकरवर.

पाट्यांचं मात्र जपून. पडद्यावर कचेरीची पाटी मराठीत आहे की कन्नडमध्ये हे कळलं की आपल्याकडचा प्रेक्षक कथा सोडून पाटी वाचत बसतो. जुलमी कचेरी एकच भाषा बोलायला लागली की तुमचा सिनेमा सीमावादाचा झाला, तुम्हाला हवा असो वा नसो. म्हणून पाट्यांवर लिपी नको. आकडे, बाण, रंगीत पट्टे. आणि कारकुनाला दोन्ही भाषा येऊ द्या. समोरच्यानं ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत तो गोड बोलतो. अदबीनं बोलणारं सरकार जास्त भीतीदायक.

अनगोळ, बेळगाव : कादंबरीत मर्यादा चाळिशीची आहे. आमच्याकडचे चांगले कलाकार साठीतले. वय वाढवलं तर चालेल?

चालेल, पण नुसता आकडा बदलून भागत नाही. 'लोगन्स रन'च्या कादंबरीत एकविसाव्या वर्षी मरण आहे, सिनेमात ते तिशीवर नेलं. तरुणाईचं जग तरुणाईचंच राहिलं म्हणून खपून गेलं. चाळीसचे साठ केले तर मागं शाळकरी पोरं राहत नाहीत, नोकरीला लागलेली राहतात. दुःखाचा प्रकारच बदलला. प्रत्येक पात्रापुढं मर्यादेच्या दिवशी त्याच्या मुलाबाळांचं वय लिहा, मग ठरवा.

साठ या आकड्याचं आपल्याकडे स्वतःचं सामान आहे. कर्नाटकचा सरकारी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो, सीमेपलीकडं महाराष्ट्रात बहुतेकांना अठ्ठावन्नाव्या वर्षीच घरी बसावं लागतं. प्रेक्षक याला पेन्शनवरची टीका समजणार. शिवाय साठीशांत. साठ दिव्यांनी ओवाळण्याचा प्रसंग सरकारी कार्यक्रम म्हणून लिहिलात तर फार ताकदीचा होईल. तो लिहायचा नसेल तर साठ हा आकडाच नको. ५३ घ्या, ६७ घ्या, ज्या वयाला कोणताच सण नाही असं काहीही. तेच का, हे कुणालाही समजावू नका. असल्या बदलाला लेखकाची संमती लागेल का, ते करारात पाहून घ्या.

खानापूर : पैसे कमी आहेत. भविष्यकाळ आमच्याच तालुक्यात उभा करायचा आहे. कसा?

वस्तू वाढवून नव्हे, काढून. मोबाइल, जाहिराती, प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीच्या छत्र्या चौकटीबाहेर. मग तीन वस्तू ठरवा आणि त्याच सगळीकडे दाखवा: एकाच रंगाचं बाक, एकाच मापाचं कार्ड, एकाच घडणीचा पेला. जिकडं तिकडं तीच वस्तू दिसली की सरकार न दाखवता दिसतं.

पेले तुमच्या गावातच होतील, खानापूरची कुंभारकी त्यासाठी प्रसिद्धच आहे. ६० लागणार असतील तर ७५ सांगा, भट्टीत आणि शूटिंगला फुटतात. माप देताना लक्षात ठेवा, ओली माती वाळून भाजेपर्यंत साधारण दहा टक्के आक्रसते. पडद्यावर १० सेंटीमीटर उंचीचा पेला हवा तर चाकावर ११ची उंची सांगा, आणि आधी दोनच भाजून कॅमेऱ्यापुढं धरून बघा. झिलई नको, दिवे त्यात चमकतात.

जांभ्याच्या भिंती सुंदर दिसतात पण चेहऱ्यावर लाली फेकतात. कलाकाराला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढं घ्या, दुसऱ्या बाजूनं पांढरं थर्माकोल धरा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगाची जुळणी, ऑटोवर सोडू नका, ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) वापरून लावा. जांभ्याची धूळ पांढऱ्या साडीवर बसली की सहज निघत नाही. प्रत्येक पांढऱ्या कपड्याचे तीन जोड.

पावसात जांबोटी, कणकुंबीकडं जायचा मोह होणारच. पत्र्याखाली संवाद रेकॉर्ड होत नाही. कौलारू घर निवडा, किंवा पत्र्यावर गोणपाटाचे दोन थर टाका, टपटप बरीच मरते. एसी गाडीतून काढलेली लेन्स ओल्या हवेत लगेच धुरकटते. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, पुसत बसू नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची लेखी परवानगी लागते. बेळगाव शहरात कॅम्प आणि सांबऱ्याकडं ड्रोन उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा बघा. लष्कर आणि विमानतळ दोन्ही आहेत.

कचेरीसाठी टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मनात ठेवा. देवीच्या लशीसाठी उभारलेली जुनी जागा, भोवती झाडी. लोकांच्या भल्यासाठी चाललेलं सरकारी काम असा भाव तिथं आयता मिळतो. सरकारी मालमत्ता आहे, तेव्हा अर्जासोबत पटकथेतली त्या जागेची पानं आणि माणसांची संख्या जोडावी.

संकेश्वर : असल्या सिनेमाला सर्टिफिकेट मिळताना काय अडतं?

अर्ज सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवरून जातो. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. विषय मरणाचा असल्यानं वरच्या वर्गाची तयारी ठेवा. मरण देण्याची रीत, औषध, मात्रा दाखवू नका. कथेलाही त्याची गरज नसते. तुमच्या कल्पित सरकारच्या कागदावर सिंहमुद्रा उमटवू नका, तिच्या गैरवापराविरुद्ध २००५चा वेगळा कायदा आहे. दुसरी मुद्रा काढून घ्या. आणि चौकटीत जनावर असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. दूधवाल्यामागं म्हैस उभी करायचा विचार असेल तर सोडा. मोटारसायकल आणि दोन किटल्या.

वडगाव, बेळगाव : शेवटी बाई त्या दारातून आत जाते. निर्माते म्हणतात तिथं अभंग घाला, लोक रडतील. घालावा का?

रडतील, आणि तुमची कादंबरी तिथंच बुडेल. वारकऱ्यानं मरण स्वीकारणं ही त्याची स्वतःची कमाई असते. इथं कायद्यानं लादलेलं मरण आहे. त्यावर पार्श्वसंगीत म्हणून अभंग लावला की संतांचा शिक्का सरकारच्या कागदावर बसतो आणि तो तुम्ही स्वतः बसवलेला असतो.

अभंग हवाच असेल तर तो सरकारला लावू द्या. प्रतीक्षागृहात भिंतीवर स्पीकर, त्यातून सकाळपासून एकच अभंग पुन्हा पुन्हा. बाईला तो लहानपणापासून पाठ आहे, तिचे ओठ हलतात, आणि तेवढ्यात कुणीतरी नंबर पुकारण्यासाठी तो मध्येच बंद करतं.

संतांचे शब्द सर्वांचे, पण बाजारातली रेकॉर्डिंग कुणाची तरी मालमत्ता असते. चालीवरही संगीतकाराचा हक्क असू शकतो. म्हणून गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत नव्यानं म्हणून घ्या आणि लेखी संमती घ्या. टाळ तोंडापुढच्या माइकपासून निदान सहा-सात फूट लांब, नाहीतर आवाज फाटतो. ती स्वच्छ रेकॉर्डिंग थेट वापरू नका. शूटिंगच्याच खोलीत एका स्वस्त स्पीकरवर वाजवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा, म्हणजे भिंतींचा घुमारा त्यात येतो.

त्याच खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून साठ सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, पंखा चालू असताना एकदा, बंद असताना एकदा. दार लागल्यावर कॅमेरा दारावरच राहू द्या आणि पंख्याचा आवाज चालू ठेवा. किती वेळ, ते संकलनात ठरेल. शूटिंगला मात्र पूर्ण दोन मिनिटं घ्या. कट म्हणायची सगळ्यांना घाई असते, आणि दहा सेकंदांचाच शॉट हाताशी असला तर नंतर तो लांबवता येत नाही.